पुडीवरचा घाट

आमच्या ह्यांच्या नावाचा एक प्राणी आहे. हसू नका. मीही हसले होते सव्वीस वर्षांपूर्वी, आणि पुढं बरीच वर्षं हसतच राहिले, म्हणून सांगते.

प्राणी म्हणजे काही वाघ-हरीण नाही. टाचणीच्या डोक्यावर तीन-चार आरामात मावतील एवढा, आठ पायांचा, गुबगुबीत, भिंतीवरच्या शेवाळात राहणारा. शास्त्रात त्याला टार्डिग्रेड म्हणतात, आमचे हे पाणअस्वल म्हणतात. शेवाळ वाळलं की हा आकसून मेल्यासारखा पडून राहतो, महिनोन्‌महिने, कधी काही वर्षंसुद्धा. पाणी पडलं की पुन्हा पाय हलवायला लागतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी विचारलं, अहो, मग मेलेला कोणता नि जिवंत कोणता हे ओळखायचं कसं? तर म्हणे, पाणी घातल्याशिवाय कळत नाही.

आता ह्यांची ओळख. बंडू नथ्थूजी ढोमणे. सासरे वर्ध्याकडून इथं जबलपूरला फॅक्टरीत लागले आणि इथलेच झाले. हे मॅट्रिक झाल्यावर एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या विभागात लॅब अटेंडंट म्हणून चिकटले आणि अडतीस वर्षं तिथंच काढली. बेडकं, झुरळं, फॉर्मॅलिनचा वास. लग्न झालं तेव्हा पहिले सहा महिने ह्यांनी हात लावलेली पोळी माझ्या घशाखाली उतरत नव्हती. मी गढ्यात, म्हणजे आमच्या वस्तीत, घरी बसून ब्लाउज शिवते, अजूनही शिवते, आणि तोंडानं फटकळ आहे हे सगळा गढा जाणतो. हे माझ्या उलट. विचारलं तर उत्तर, नाही तर नाही. माणूस मात्र सरळ, असं मी चाळीस वर्षं सगळ्यांना सांगत आले.

एक्क्याण्णव साली त्यांच्या विभागात पद्मजा मॅडम आल्या. पुण्याच्या. लग्न केलेलं नव्हतं, नेपियर टाउनमध्ये दोन खोल्या घेऊन एकट्या राहायच्या. त्यांना एकच वेड, हे पाणअस्वल. बाकीचे प्राध्यापक ह्यांना चहा आणायला पिटाळायचे, मॅडमनी ह्यांना काम शिकवलं. शेवाळ खरवडून कागदाच्या पुडीत कसं बांधायचं, पुडीवर जागा नि तारीख कशी लिहायची, ते रात्रभर पाण्यात भिजवून दुसऱ्या दिवशी कसं पिळायचं, आणि त्या पाण्यातून एकेक प्राणी काडीला चिकटवलेल्या केसानं कसा उचलायचा. तो केस डोक्याचा चालत नाही, जाड पडतो. पापणीचा लागतो. मॅडम स्वतःच्या पापणीचा काढून देत. ह्यांचा हात एवढा हलका की मॅडम म्हणायच्या, "बंडू, तू शिकला असतास तर माझी खुर्ची घेतली असतीस." घरी येऊन हे वाक्य मला दोनदा सांगितलं. एरवी एक गोष्ट एकदा सांगायची मारामार.

शहाण्णव सालच्या नोव्हेंबरातल्या एका पुडीत मॅडमना दोन प्राणी सापडले. आधी कोणी न पाहिलेले, असं त्यांना वाटलं. दोन वर्षांनी त्यांचा लेख छापून आला. पुढं लांबलचक लॅटिन नाव आणि शेवटी 'बंडुई'. ज्यानं शेवाळ आणलं त्याच्या नावावरून. जागा दिली होती भेडाघाट, संगमरवरी खडक, जबलपूर. मॅडम स्वतः पेढे घेऊन घरी आल्या. मी म्हटलं, "मॅडमजी, बारसं करायचं तर आत्याला बोलवायला हवं होतं ना." त्या खूप हसल्या. हे मात्र उठून आत गेले आणि पाण्याचा ग्लास घेऊन आले, तोही रिकामा. मला वाटलं, लाजले.

एका लेखानं प्राणी पक्का होत नाही, हे मला तेव्हा कुठं माहीत. पुन्हा कोणीतरी त्याच जागी जाऊन तो शोधावा लागतो. आणि ह्या प्राण्याची आणखी एक गोम होती. ह्या सगळ्या जाती दिसायला सारख्याच, खरा फरक अंड्यावरच्या नक्षीत. मॅडमना प्राणी मिळाले होते दोन, अंडं एकही नाही. मग कोण कोण येऊन गेलं. कोलकात्याचे एक, परदेशातले एक गोरे गृहस्थ. भेडाघाटचे खडक खरवडून गेले, हाती काही लागलं नाही. पुढं जगभरच्या पाणअस्वलांची एक यादी निघाली, त्यात बंडुईपुढं प्रश्नचिन्ह. जात शंकास्पद, नोंद शंकास्पद. मॅडमकडे परदेशातून अदलाबदलीत शेवाळाच्या पुड्या यायच्या. त्यातलीच एखादी मिसळली असणार, असं लोक बोलायला लागले. एका परिषदेत कोणीतरी भर सभेत विचारलं, बाई, तुमची प्रयोगशाळा झाडतं कोण? झाडणारे आमचे हे.

बढतीच्या मुलाखतीतही तेच निघालं. बढती झाली नाही. विद्यार्थी दुसऱ्यांकडे गेले. मॅडमनी कोणाशी वाद घातला नाही. दरवर्षी पावसाळा सरला की ह्यांना घेऊन भेडाघाटला जायच्या आणि तेच खडक पुन्हा खरवडायच्या. अकरा वर्षं. निवृत्त झाल्यावरसुद्धा. तिथं उभ्या राहून एकच विचारायच्या, "बंडू, नेमकी कुठली शिळा होती रे?" आणि हे हात वर करून दाखवायचे, "ती, मॅडम." हे मला ह्यांनी नाही, मॅडमनीच सांगितलं, एकदा ब्लाउज टाकायला आल्या तेव्हा. म्हणाल्या, "इंदूताई, बंडूची स्मरणशक्ती पक्की आहे. दरवेळी तीच शिळा दाखवतो. मीच कुठंतरी चुकते आहे."

चौदा साली मॅडम गेल्या. कॅन्सर. शेवटी हॉस्पिटलात हे रोज जायचे, डबा मी करून द्यायची. एक दिवस डबा तसाच परत आला. विचारलं तर म्हणाले, "जेवल्या नाहीत. शिळा विचारून राहिल्या होत्या."

तेव्हापासून आमच्या घरात तिसरं माणूस राहायला आलं. दुसऱ्या कोणत्या शब्दांत सांगू मला कळत नाही. पावसाळा सरला की हे एकटेच पिशवी घेऊन भेडाघाटला निघायचे. "आता काहून जाता?" म्हटलं तर उत्तर यायचं, "बोलावून राहिल्या." दुपारी जेवून आडवे झाले की झोपेत ह्यांचा उजवा हात वर यायचा, बोट कपाटाच्या दिशेनं, आणि तसाच राहायचा. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मशीन थांबवून मी कपाटाकडे बघितलं. तिथं काय असणार, माझ्या साड्या. तरी त्या दिवसापासून दुपारी त्या कपाटाकडे पाठ करून बसायची माझी छाती झाली नाही. मशीन फिरवून घेतली.

आणखी एक होतं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या, तेव्हापासून ह्या माणसानं नर्मदेकाठच्या ग्वारीघाटावर पाय ठेवला नव्हता. जबलपुरात राहून. नर्मदा जयंतीला सगळं शहर तिथं लोटतं, हे घरी. मला वाटायचं, आईची आठवण सहन होत नसेल.

गेल्या नोव्हेंबरात नागपूरहून फोन आला. चैत्राली नावाची मुलगी, ह्याच प्राण्यांवर संशोधन करणारी. मॅडमच्या भाचीनं मॅडमच्या पेट्या नागपुरातल्या एका संग्रहाला दिल्या होत्या, त्या आता हिच्या ताब्यात होत्या. सोमवारी ती घरीच आली, पाठीवर पिशवी, हातात सूक्ष्मदर्शकाची पेटी. पहिल्याच चहाला तिनं सगळं स्पष्ट सांगितलं. देशातल्या सगळ्या पाणअस्वलांची नवी यादी ती करून राहिली होती. कोणती जात कुठं सापडते, कोणती पक्की, कोणती नाही. बंडुईसाठी तिच्याकडे चार दिवस होते. मिळाला तर ठीक. नाही तर ती लिहिणार की नोंद चुकीची, परदेशातल्या पुडीची सरमिसळ झालेली, आणि जात यादीतून बाद.

"म्हणजे मॅडमनी चूक केली असं छापणार?" ह्यांनी विचारलं.

"छापावं लागेल, काका. मलाही बरं वाटणार नाही. पण इतक्या वर्षांत दुसऱ्या कोणालाच तो दिसला नाही." मग वही उघडून तिनं विचारलं, "तुम्हाला जागा आठवते ना? नेमकी कुठली शिळा?"

मी ह्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. बशीतला गरम चहा हातावर सांडत होता आणि ह्यांना पत्ता नव्हता.

मंगळवारी दोघं भेडाघाटला गेले, बुधवारी पुन्हा. संध्याकाळी ती शेवाळ भिजवायची आणि दुसऱ्या दिवशी आमच्या पुढच्या खोलीत, माझ्या मशीनच्या टेबलावर सूक्ष्मदर्शक मांडून बघायची. कॉलेजात रंगकाम निघालं होतं, दुसरी जागा नव्हती. माझ्या चार गिऱ्हाइकांचे ब्लाउज अडकले, पण पोरगी गुणी होती, म्हटलं, चलो, जाऊ द्या. पाणअस्वलं मिळाली, पण दुसऱ्याच जातीची, कुठंही मिळतात तसली. बुधवारी हे हातपाय धुवायला गेले तेव्हा चैत्राली आवाज खाली आणून मला म्हणाली, "काकू, काकांनी मला शिळा दाखवली ना, तेव्हा ते माझ्याकडे बघतच नव्हते. मागं वळून म्हणाले, 'ती, मॅडम.' मागं कोणी नव्हतं."

गुरुवारी सकाळी ह्यांना ताप भरला. आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

दुपारी चैत्राली मला मोबाइलवर फोटो दाखवत बसली. मॅडमच्या पेटीतल्या काचपट्ट्या, वह्या, आणि ती पुडी. शेवाळ कधीच संपलेलं, नुसता कागद जपून ठेवलेला. वर ह्यांच्या अक्षरात निळ्या शाईनं 'घाट', खाली तारीख, २१ नोव्हेंबर १९९६. आणि 'घाट'च्या आधी काळ्या शाईत, बारीक अक्षरात, 'भेडा'.

"हे 'भेडा' मॅडमचं अक्षर," ती म्हणाली. "आणि गंमत बघा, काकू. मी पुडी उलगडली तर आतून किराण्याची यादी निघाली."

तिनं पुढचा फोटो काढला. दर्भ. काळे तीळ. जवाचं पीठ. तांदूळ अर्धा शेर. मातीचं मडकं. पांढरं वस्त्र.

किराण्याची कुठली. अक्षर माझं होतं. सासूबाईंच्या दहाव्याची यादी, गुरुजींनी सांगितलेली, मी लिहिलेली. 'दर्भ'वरचा रफार मी नेहमी चुकीच्या अक्षरावर देते, तोही तसाच.

दहावा आम्ही ग्वारीघाटावर केला होता. ह्यांचं मुंडण झालेलं, उघड्या अंगानं बसलेले. पिंड मांडले आणि सगळे कावळ्याची वाट बघत उभे राहिले. कावळे झाडावर होते, पण खाली उतरेनात. अर्धा तास झाला, तास झाला. सासूबाईंचे भाऊ हात जोडून सांगत होते, ताई, तुझं सगळं करू, काळजी करू नको. तेव्हा माझी नजर ह्यांच्याकडे गेली. बाजूच्या जुन्या भिंतीपाशी उकिडवे बसून हे आचमनाच्या पळीच्या दांड्यानं काहीतरी खरवडत होते आणि कागदात ठेवत होते. मला वाटलं, दुःखानं डोकं फिरलं, आईची आठवण म्हणून माती घेऊन राहिले. मी नजर वळवली. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि आम्ही घरी आलो. त्या दिवसाबद्दल मी ह्यांना कधी काही विचारलं नाही.

चैत्रालीच्या हातातून मोबाइल घेऊन मी आत गेले. हे जागेच होते. मी तो फोटो ह्यांच्या डोळ्यांसमोर धरला.

"हे काय आहे?"

ह्यांनी मोबाइल जवळ ओढला. मग म्हणाले, "तुझं अक्षर आहे."

"अक्षर माझं आहे ते दिसून राहिलं मला. शेवाळ कुठलं आहे?"

"ग्वारीघाटचं."

आणि मग हा माणूस बोलायला लागला. चाळीस वर्षांत एका दमात एवढं बोललेला मी ऐकला नव्हता. मॅडमना शब्द दिला होता, भेडाघाटचं शेवाळ आणून देतो. त्याच आठवड्यात आई गेली, सुतक लागलं, जाणं झालं नाही. दहाव्याला कावळा येईना आणि नजर भिंतीवर गेली. दिलेला शब्द डोक्यात होता, हात आपोआप गेला. घरी येऊन पुडीवर सवयीनं लिहिलं, घाट. आपल्या घरात दुसरा घाट आहे कुठला? भेडाघाटला आपण भेडाघाटच म्हणतो. घाटावर गेलो म्हटलं की ग्वारीघाट, आणि तेही बहुतेक कोणी गेल्यावर. पण मॅडम पुण्याच्या, त्यांचा घाट म्हणजे गाडी चढते तो. तेराव्यानंतर हे कामावर गेले तेव्हा मॅडमनी पुडी हातात घेतली, तारीख बघितली आणि म्हणाल्या, "अरे, सुतकातसुद्धा भेडाघाटला जाऊन आलास?" आणि पेन काढून पुढं 'भेडा' लिहिलं.

"तेव्हा काहून नाही बोलले?"

"काय बोलू? आईचा पिंड ठेवला आहे, कावळा शिवत नाही, लोक हात जोडून राहिले, आणि मी पळीनं शेवाळ खरवडून राहिलो. हे सांगू त्यांना?" पांघरूण सारून ते उठून बसले. "कावळा काहून नाही आला मला माहीत आहे, इंदू. आई बघून राहिली होती. म्हटलं, एक पुडी आहे, त्यात काय निघणार."

निघाला बंडुई. नाव छापून आल्यावर तोंड उघडणं आणखी कठीण झालं. मॅडमनी पहिल्यांदा भेडाघाटला उभं राहून विचारलं तेव्हा ह्यांनी समोर दिसली ती शिळा दाखवली. पुढच्या वर्षी तीच लक्षात ठेवून दाखवली. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा.

माझं डोकं तापलं. "अहो, एक वाक्य होतं," मी म्हटलं. "त्या बाईची बढती गेली, अब्रू गेली, मरताना विचारत गेली, आणि तुम्ही मूग गिळून बसलात. आणि मी गावभर सांगत फिरले की आमचा माणूस सरळ." तापातल्या माणसाला असं बोलू नये. पण बोलले.

ते उठले आणि भिंतीला धरून पुढच्या खोलीत गेले. दोन खोल्यांचं घर, चैत्रालीनं सगळं ऐकलं असणार. तरी ह्यांनी तिला पहिल्यापासून सांगितलं, उभ्या उभ्या, काही न गाळता. पिंडाचंही सांगितलं, कावळ्याचंही.

ती रागावेल असं मला वाटलं. इतके लोक इतकी वर्षं भलतेच खडक खरवडत होते, तीही त्यात आली. तिनं वही पुढं ओढली. मग म्हणाली, "काका, ग्वारीघाटावर नेमका कुठला दगड?"

ह्या वेळी ह्यांना लगेच दाखवता आलं नाही. "जाऊन बघावं लागेल," म्हणाले. "घाट बदलला असेल."

तिनं परतीचं तिकीट एक दिवस पुढं ढकललं आणि शुक्रवारी सकाळी आम्ही तिघं ऑटोनं निघालो. घाट खरंच बदलला होता. नव्या पायऱ्या, रेलिंग, फरशी. हे वरच्या पायरीवर थांबले आणि त्यांचा पाय पुढं पडेना. ऑटोवाला मागून म्हणाला, "क्या हुआ बाबूजी, तबीयत ठीक नहीं?" मी ह्यांचा दंड धरला. अंग अजून तापलेलं होतं. एकेक पायरी करत आम्ही खाली उतरलो.

खाली एका देवळीमागं जुन्या भिंतीचा वावभर तुकडा नव्या बांधकामात तसाच राहून गेला होता. शेवाळही होतं. पण त्याच्या पुढ्यातच एक कुटुंब दहाव्याला बसलेलं. मुंडण केलेला एक माणूस, मांडलेले पिंड, आणि मान वर करून झाडाकडे बघणारे लोक. हे त्यांच्याकडे बघत उभे राहिले. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मला तर पळून जावंसं वाटत होतं.

"आपण थांबू, काका," चैत्राली म्हणाली. "त्यांचं होऊ दे."

पाऊण तास थांबलो. एक कावळा उतरला, शिवला, ते लोक उठून गेले. मग हे भिंतीपाशी उकिडवे बसले आणि चैत्रालीच्या सुरीनं तळहाताएवढं शेवाळ काढलं. तिनं पुडीवर लिहायला पेन पुढं केलं. ह्यांनी पूर्ण लिहिलं, ग्वारीघाट, देवळीमागची जुनी भिंत, जबलपूर, आणि तारीख. एक शब्द गाळला नाही.

येताना ऑटोत मी मनातल्या मनात नर्मदामाईला सांगत होते, सापडू दे. सापडला की मॅडमचं नाव धुऊन निघेल आणि ह्यांचा जीव सुटेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

शनिवारी दुपारी चैत्राली मशीनच्या टेबलावर वाकलेली, मी स्वयंपाकघराच्या दारात, हे खुर्चीवर. अर्धा तास गेला. मग ती म्हणाली, "आहे." थोड्या वेळानं म्हणाली, "हा तोच आहे, काका. मॅडमनी काढलेल्या चित्रातला." आणि मग बऱ्याच वेळानं, अगदी हळू, "अंडी आहेत. पाच."

तिनं मलाही दाखवलं. मला काय कळतं त्यातलं. एक गोल मणी, त्यावर चहूकडून बारीक सुळके, आणि प्रत्येक सुळक्याचं टोक उकललेल्या कापसाच्या बोंडासारखं. ती सांगत होती, असं अंडं आजवर कोणत्याच जातीचं कोणी नोंदवलेलं नाही. जात वेगळीच होती, पहिल्या दिवसापासून. मॅडमनी नुसत्या दोन प्राण्यांवरून, अंडं न बघता, बरोबर ओळखलं होतं. प्रश्नचिन्ह निघणार. पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती. माझाही जीव भांड्यात पडला.

हे उठले आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून उभे राहिले. आत दूध उतू गेल्याचा वास आला म्हणून मी जाऊन, ओटा पुसून आले, तरी हे तसेच.

"काका, जागेची दुरुस्ती छापावी लागेल," चैत्राली म्हणाली. "मी असं लिहीन, की पुडीवरचा 'घाट' हा शब्द वाचताना गैरसमज झाला."

"वाचताना म्हणजे मॅडमचा?"

"अर्थ तसा निघेल. पण एवढ्यावर कोणी बोट ठेवणार नाही."

"नको," हे म्हणाले. डोळा तिथंच होता. "मॅडमनी मला अकरा वेळा विचारलं. ते लिहा. शेवाळ आणणाऱ्यानं खोटी जागा दाखवली, असं लिहा. आणि नाव लिहा."

"शास्त्राच्या लेखात असं लिहीत नाहीत, काका."

"मग त्या प्राण्यावरचं माझं नाव काढा."

"ते तर नाहीच काढता येत. एकदा दिलेलं नाव बदलत नाही, कारण काहीही असो. आता जात पक्की झाली, म्हणजे नाव कायमचं." तिला वाटलं, आपण चांगली बातमी देऊन राहिलो.

हे अडूनच बसले. शेवटी तिनं त्यांच्यासमोर वहीत लिहिलं, की संग्राहक बंडू ढोमणे ह्यांनी चुकीची जागा दाखवली होती, लेखिकेची चूक नव्हती. हे ते वाक्य दोनदा वाचून मग उठले.

तिला स्टेशनवर सोडून आम्ही परत आलो तेव्हा दिवे लागत होते. मशीनच्या टेबलावर पाणी सांडलेलं होतं, ह्यांनी फडकं घेऊन ते पुसायला घेतलं. मी म्हटलं, "झालं ना आता? मॅडम खऱ्या ठरल्या. आता तरी सुखानं झोपा."

"इंदू," ते म्हणाले, "मॅडम गेल्यापासून मी रोज सकाळी देवापुढं बसतो. काय मागतो, माहीत आहे?"

"मॅडमसाठी मागत असाल."

"मॅडम चुकलेल्या निघू दे, असं मागायचो." फडकं त्यांच्या हातातच राहिलं. "त्या चुकल्या असत्या तर बढती त्यांच्याच चुकीनं गेली असती, माझ्या हातून काहीच झालं नव्हतं. तेवढ्यावर दहा वर्षं काढली मी."

मला ह्यांच्याकडे बघवेना. मी आत जाऊन कुकर लावला आणि शिट्ट्या होईपर्यंत बाहेर आले नाही.